प्रतींची राखण

जुन्या काळी पोथी लिहून पुरी झाली म्हणजे लेखनिक शेवटच्या पानावर आपले नाव-गाव, शक आणि तिथी घालीत असे, आणि त्याखाली पुष्कळदा पोथीच्याच मुखाने एक विनवणी असे : तेलापासून मला राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा, आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका. तेल आणि पाणी ही बाहेरून येणारी संकटे. सैल बांधणी हा व्यवस्थेतला दोष. आणि चौथे संकट कोठून येते हे सांगावयास नकोच. कागद गेले, चुंबकीय फिती आल्या, फिती मागे पडून तबकड्या आल्या आणि आता यंत्रांचे समूहच्या समूह माहिती पोटात घेऊन रात्रंदिवस जागत असतात. तरी गेल्या पाऊणशे वर्षांत माहिती कोठे, केव्हा आणि कशी नष्ट झाली याचा शोध घेऊ लागले असता त्या अनामिक लेखनिकाच्या यादीत फारशी भर घालावी लागत नाही.

ज्या दप्तराची दुसरी प्रतच नाही त्याचे काय होते, हे अमेरिकेतील सेंट लुई शहराने १९७३ साली पाहिले. त्या वर्षी १२ जुलैच्या मध्यरात्रीनंतर लष्करी कर्मचाऱ्यांच्या अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती पुरती विझावयास चार दिवस लागले. एक कोटी साठ लक्ष ते एक कोटी ऐंशी लक्ष सैनिकांच्या सेवापुस्तिका जळून गेल्या. त्यांच्या नकला कोठेही ठेवलेल्या नव्हत्या. सूक्ष्मचित्रेही घेतलेली नव्हती. इतकेच नव्हे तर काय जळाले याची पुरी सूचीसुद्धा नव्हती. निवृत्तिवेतनासाठी अर्ज करणाऱ्या वृद्ध सैनिकाला पुढे कित्येक वर्षे आपण लढाईवर होतो हे अन्य खात्यांतील चिटोऱ्यांवरून सिद्ध करावे लागले. पाण्याने भिजलेली पाने वाळवून वाचण्याचे काम तर त्यानंतर दशकानुदशके चालले.

मौज अशी की, त्याच सुमारास संगणकाच्या जगात जुन्या प्रती जपण्याची एक पद्धत आपोआपच रूढ होऊन बसली होती, आणि ती कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने युनिव्हॅक हा संगणक घेतला. त्याची माहिती अर्धा इंच रुंदीच्या धातूच्या चुंबकीय फितीवर साठवली जाई. पुढच्याच वर्षी आय.बी.एम.ने प्लॅस्टिकच्या फितीचे यंत्र आणले. फितीचा स्वभाव असा की तिच्यावर मधल्याच जागी खाडाखोड करून नवा आकडा घालणे सोयीचे नसते. तेव्हा कारकुनी कामाची रीत अशी पडली : कालची मुख्य फीत एका यंत्रावर चढवावयाची, आजच्या उलाढालींची फीत दुसऱ्यावर, आणि दोहोंचा मेळ घालून तिसऱ्या कोऱ्या फितीवर नवी मुख्य वही उतरावयाची. नवी फीत तयार झाली तरी जुनी जशीच्या तशी राही. आजच्या फितीत घोटाळा निघाला तर कालची फीत आणि कालच्या उलाढाली घेऊन हिशेब पुन्हा उभा करता येई. या फितींच्या पिढ्यांना इंग्रजीत आजोबा, वडील आणि मुलगा अशी नावे पडली. नातवंड जन्मल्यावाचून आजोबांची फीत पुसावयाची नाही, असा तो दंडक होता.

चुंबकीय तबकडीने ही घडी मोडली. सप्टेंबर १९५६ मध्ये आय.बी.एम.ने रॅमॅक हे यंत्र जाहीर केले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत असत आणि सगळ्या मिळून पन्नास लक्ष अक्षरे मावत. आज एका छायाचित्रालाही इतकी जागा पुरत नाही. परंतु त्या काळी कोणत्याही नोंदीपाशी क्षणात जाऊन ती जागच्या जागी बदलता येणे हाच चमत्कार होता. या चमत्काराची किंमत मात्र लोकांच्या हळूहळू ध्यानात आली. जागच्या जागी बदललेल्या नोंदीमागे तिची जुनी आवृत्ती उरत नाही. फितीच्या जमान्यात जी जुनी प्रत कामाच्या ओघात फुकट मिळत होती ती आता मुद्दाम, वेळ आणि पैसा खर्चून, काढून ठेवणे भाग पडले. रात्रपाळीला तबकडीवरील सगळा मजकूर फितीवर उतरविणे, त्या फिती पेटीत घालून दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवणे आणि कोणती फीत कोठे आहे याची वही ठेवणे, हा एक स्वतंत्र धंदा झाला. आज बॅकअप या शब्दाने जे ओळखले जाते त्याचा जन्म येथला.

मोठ्या कार्यालयांच्या तबकड्या महाग असत आणि त्या मानाने टिकाऊही असत. १९८० नंतर घरगुती संगणकांसाठी लहान, स्वस्त तबकड्या निघाल्या. अशा पुष्कळ स्वस्त तबकड्या एकत्र जुंपून एका महागड्या तबकडीचे काम करून घ्यावे असा विचार पुढे आला खरा. पण शंभर तबकड्या जुंपल्या तर त्यांतली एखादी बंद पडण्याचा संभवही शंभरपट होतो, हा त्यातला पेच होता. त्याचे उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली वाचलेल्या एका निबंधात पद्धतशीर मांडले. युक्ती पाहू गेले तर शाळकरी पोराला समजेल अशी आहे. तीन तबकड्यांवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत असे समजा. चौथ्या तबकडीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवा. दुसरी तबकडी फुटली तरी २० मधून ७ आणि ९ वजा केले की हरवलेले ४ हाती येतात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी सम-विषमाचा ताळा वापरतात, एवढाच फरक. या रचनेला रेड असे नाव मिळाले आणि जगभर तिचा प्रसार झाला.

तिच्यातही एक खोच होती. तबकडी बदलल्यावर नवीवर जुना मजकूर पुन्हा उतरेपर्यंत उरलेल्या सगळ्या तबकड्यांना एकसारखे राबावे लागते, आणि नेमक्या त्याच काळात दुसरी एखादी गेली तर सर्वच गेले. तबकड्या जसजशा मोठ्या झाल्या तसतसा हा धोक्याचा काळ तासांवरून दिवसांवर गेला. म्हणून मग एकाऐवजी दोन ताळे ठेवण्याची पद्धत आली. शिवाय सर्व तबकड्या एकाच पेटीत असल्या तर पेटी जळाल्यावर ताळा घेऊन करावयाचे काय?

तेव्हा प्रती निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या खोल्यांत, शक्य तर निरनिराळ्या गावांत ठेवणे ओघानेच आले. अशा एकदिलाने चालणाऱ्या यंत्रांच्या जुडग्याला क्लस्टर म्हणतात. डिजिटल कंपनीने १९८३ साली आपली मोठी यंत्रे अशा रीतीने जोडून विकावयास काढली होती. परंतु यंत्रे जोडणे सोपे. त्यांच्यात एकवाक्यता राखणे कठीण. दोन यंत्रांमधली तार तुटली की प्रत्येकाला वाटते, दुसरे मेले आणि आता धनी आपणच. मग दोन्ही यंत्रे स्वतंत्रपणे नोंदी घेऊ लागतात. मराठी इतिहासाच्या वाचकाला हा प्रकार परका वाटावयाचा नाही. शाहू महाराज परत आल्यावर सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. दोहोंकडे शिक्का, दोहोंकडे सनदा देण्याचा हक्काचा दावा, आणि कोणती सनद खरी मानावी हा वतनदारांपुढचा प्रश्न. १७३१ साली वारणेच्या तहाने हद्द ठरेपर्यंत हे चालले. यंत्रांना तह करता येत नाही. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या नोंदी मागाहून एकत्र करू गेले तर त्यांतली कोणती टाकावी हे कोणालाच सांगता येत नाही.

याला उपाय म्हणून सभाशास्त्रातली गणपूर्ती उपयोगी पडली. यंत्रांची संख्या विषम ठेवावयाची आणि ज्या गटात निम्म्याहून अधिक यंत्रे असतील त्यालाच निर्णय घेण्याचा अधिकार द्यावयाचा. अल्पमतातल्या गटाने हात जोडून स्वस्थ बसावयाचे. ऐकावयास हे सोपे वाटते. पण निरोप उशिरा पोचतात, काही हरवतात, सभासद मध्येच झोपी जातो आणि जागा होऊन जुनेच मत देऊ लागतो. अशा सभेतही निर्णय एकच व्हावा आणि तो कधी फिरू नये, याची गणिती रीत लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने बसविली. ती सांगताना त्याने पॅक्सॉस बेटावरील एका काल्पनिक प्राचीन विधिमंडळाची कथा रचली : तिथले सभासद अर्धवेळ व्यापारात गुंतलेले, सभागृहातून केव्हाही उठून जाणारे, आणि प्रत्येकाजवळ आपापली ठरावांची वही. १९९० साली निबंध परीक्षकांकडे गेला तेव्हा त्यांनी ही पॅक्सॉसची कथा काढून टाकावी असे सुचविले. लॅम्पोर्टला ती अरसिकता मानवली नाही. निबंध आठ वर्षे तसाच पडून राहिला आणि १९९८ साली छापला गेला. आज जगातील मोठमोठ्या साठवणींत कोणती प्रत खरी याचा निवाडा याच रीतीने किंवा तिच्या भावंडांनी होतो. विनोदाचे वावडे असल्याने एखाद्या शास्त्राची किती वर्षे जातात, याचे हे एक उदाहरण.

या साऱ्या विचारांना मोठ्या प्रमाणावर व्यवहारात उतरविणारा एक टप्पा २००३ सालचा. त्या वर्षी गूगल कंपनीच्या सांजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-टाक लेउंग यांनी आपल्या कंपनीच्या साठवणीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात आरंभीच एक गृहीत धरले होते, की यंत्र बिघडणे हा अपवाद नसून नेहमीचीच गोष्ट आहे. हजारो साधी यंत्रे वापरली म्हणजे दररोज कोठे ना कोठे काही बंद पडणारच. म्हणून प्रत्येक मजकुराचे ठरावीक मापाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन यंत्रांवर ठेवीत. एक प्रमुख यंत्र सर्वांची नाडी पाहत असे. ठरावीक अंतराने प्रत्येक यंत्राने आपण जिवंत आहो असा निरोप द्यावयाचा. निरोप थांबला की प्रमुखाने त्या यंत्रावरील तुकडे हिशेबातून वजा करावयाचे आणि उरलेल्या प्रतींवरून नव्या प्रती करवून घ्यावयाच्या. त्यातही तारतम्य होते : ज्या तुकड्याच्या दोन प्रती गेल्या त्याची पाळी आधी, एकच गेली त्याची नंतर. दुष्काळी कामावर मदत वाटणाऱ्या मामलेदारालाही याहून वेगळा क्रम लावता आला नसता. बंद पडलेले यंत्र काही काळाने जागे होऊन आपली शिळी प्रत पुढे करू लागले तर ती ओळखता यावी म्हणून प्रत्येक तुकड्यावर आवृत्तीचा अंक असे.

परंतु या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वेगळीच होती. कोणी एखादा मजकूर पुसून टाकण्याची आज्ञा दिली तर तो लगेच पुसला जात नसे. त्याचे नाव बदलून तो तीन दिवस लपवून ठेवीत, आणि या तीन दिवसांत हुकूम देणाऱ्याला पश्चात्ताप झाला तर मजकूर परत मिळे. यंत्रे रचणाऱ्यांनी मानवी स्वभावाची अशी कदर फार थोड्या ठिकाणी केलेली आढळते.

अशा साठवणी पुढे सर्वांना वापरता येऊ लागल्या. सेज वाइल याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत संशोधन करताना सेफ नावाची रचना उभी केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. अष्टपाद सागरी प्राण्यांच्या कुळावरून तिचे नाव पडले. तिच्या राखणदाराचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. या रचनेत यंत्रे एकमेकांची नाडी पाहतात; एखाद्याची नाडी लागेनाशी झाली की ते पडले अशी नोंद होते, आणि दहा मिनिटांत ते उठले नाही तर त्याला पंक्तीतून उठवून त्याच्यावरचा सगळा मजकूर इतरत्र नव्याने उतरविण्याचे काम सुरू होते. आता समजा, राखणदाराने धूळ झाडण्यासाठी किंवा नवी आवृत्ती चढविण्यासाठी एखादे यंत्र मुद्दामच थांबविले आहे. त्याने समूहाला तशी पूर्वसूचना दिली नाही तर बिचारा समूह घरातले माणूस गेले असे समजून सगळी आवराआवर करू लागतो, आणि यंत्र अर्ध्या तासाने परत आले म्हणजे पुन्हा सगळे उलटे करावे लागते. म्हणून दुरुस्तीपूर्वी सूचना लावणे आणि दुरुस्तीनंतर ती आठवणीने काढणे हे राखणदाराचे पहिले कर्तव्य. काढावयाची राहिली तर खरोखर यंत्र मेले तरी समूह स्वस्थ बसून राहतो.

नवी आवृत्ती चढविण्याचीही एक रीत आहे. सर्व यंत्रे एकदम थांबवावयाची नाहीत. एक घ्यावे, त्याचे काम उरकावे, सर्व प्रतींचा मेळ बसला असे समूहाने सांगेपर्यंत थांबावे, आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. यात घाई करणाराने तीनपैकी दोन प्रती स्वतःच्या हाताने एकाच वेळी झोपविल्या असे होते. जागेचाही अंदाज घ्यावा लागतो. साठवण शंभरातील पंचाऐंशी भाग भरली की सेफ इशारा देऊ लागते आणि पंचाण्णव भाग भरली की लिहिणेच बंद करते. कारण एखादे यंत्र गेले तर त्याच्यावरचा मजकूर उरलेल्यांत सामावून घ्यावा लागतो, आणि घर गच्च भरलेले असले तर पाहुण्याला जागा कोठून द्यावयाची?

देखरेख म्हणजे केवळ यंत्र चालू आहे की बंद हे पाहणे नव्हे, हे दोन संशोधनांनी २००७ साली दाखवून दिले. गूगलच्याच एडुआर्डो पिन्हेइरो आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एक लक्षाहून अधिक तबकड्यांची नोंद तपासली. तबकडी स्वतःच्या प्रकृतीचे काही आकडे सांगत असते आणि त्यांवरून तिचे मरण आधी ओळखता येईल अशी सर्वांची समजूत होती. संशोधनात असे आढळले की, निकामी झालेल्या तबकड्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी अत्यंत भरवशाच्या चार लक्षणांपैकी एकही लक्षण दाखविले नव्हते. दुसरे संशोधन जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतले. तेथील तीन हजारांवर यंत्रांवर आधीच ठाऊक असलेला मजकूर लिहून तो पुन्हा वाचून पाहिला, तेव्हा काही ठिकाणी लिहिले एक आणि वाचले दुसरेच असे निघाले. एकाही यंत्राने तक्रार केली नव्हती. त्यांतील बहुतेक चुकांचे मूळ तबकड्यांच्या आणि त्यांना जोडणाऱ्या उपकरणांच्या अंतर्गत आवृत्त्यांचे पटत नव्हते यात सापडले. वाळवी लागलेल्या दप्तराचे पुठ्ठे बाहेरून कोरे करकरीत दिसावेत, तसा हा प्रकार. यासाठी चांगल्या साठवणीत प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा ताळा लिहून ठेवतात आणि कोणी मागो वा न मागो, सर्व मजकूर आठवड्यातून एकदा तरी वाचून ताळा पडताळतात. रुमाल सोडून कागद उन्हात घालणाऱ्या जुन्या दप्तरदाराला हे काम ओळखीचे वाटले असते.

इतके करूनही एक संकट उरतेच. तीन ठिकाणच्या तीन प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत्या ठेवणे हेच जर समूहाचे कसब, तर मूळ प्रतीत झालेली चूकही तितक्याच इमानाने तिन्ही ठिकाणी उतरणार. मक्षिकास्थाने मक्षिका मारणारा नकलनवीस तो हाच. २७ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलच्या टपालसेवेतील काही लोकांना आपल्या पेट्या रिकाम्या दिसल्या. साठवणीच्या प्रणालीची नवी आवृत्ती चढविली होती आणि तिच्यात दोष होता. त्या पत्रांच्या प्रती एकाहून अधिक केंद्रांत होत्या, आणि दोषाने त्या सर्वच ठिकाणच्या घालविल्या. अशा दुर्दैवी लोकांचे प्रमाण दहा हजारांत दोन इतके अल्प होते. पण पत्रे ज्याची त्यालाच प्रिय असतात. ती परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून. कोणत्याही तारेला न जोडलेली, कपाटात स्वस्थ बसलेली फीत त्या दोषाच्या हाती लागली नव्हती. जगातील अद्ययावत कंपनीला १९५२ सालची युक्ती उपयोगी पडली, याचे त्या वेळी पुष्कळांना नवल वाटले.

राखीव प्रती असून नसल्यासारख्या होण्याची सर्वांत बोधक हकीकत गिटलॅब या कंपनीची आहे, आणि ती जगाला ठाऊक झाली ती कंपनीने स्वतःच सांगितली म्हणून. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांचे काम सांभाळणारी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या मुख्य माहितीकोशावर अचानक ताण आला आणि त्याची जोडप्रत मागे पडली. मागे पडलेली जोडप्रत नव्याने उभी करण्यासाठी एक अभियंता रात्री उशिरापर्यंत खटपट करीत होता. काही केल्या काम होईना. जोडप्रतीच्या यंत्रावरील जुना मजकूर आड येत असावा असे वाटून त्याने तो पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन क्षणांत त्याच्या ध्यानात आले की आज्ञा जोडप्रतीच्या यंत्रावर नव्हे, मुख्य यंत्रावर दिली गेली. त्याने हात आवरला तोवर सुमारे तीनशे गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले होते.

आता राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. दररोज काढली जाणारी प्रत जेथे असावयाची ती जागा रिकामी निघाली. कारण असे की, माहितीकोशाची आवृत्ती पूर्वीच बदलली होती, पण प्रत काढणारे साधन जुन्याच आवृत्तीचे चालविले जात होते. ते रोज सुरू होई आणि रोज चूक दाखवून थांबे. ही चूक कळविणारे पत्रही यंत्र नेमाने पाठवीत होते. परंतु पत्रावर प्रेषकाची आवश्यक ती खूण नसल्याने स्वीकारणारे टपालयंत्र ते परस्पर नाकारीत होते. चौकीदाराने रोज हाक मारावी आणि दार बंद असल्यामुळे ती आत ऐकू जाऊ नये, तशी स्थिती. तबकड्यांच्या क्षणचित्रांची सोय भाड्याच्या यंत्रांवर उपलब्ध होती, पण माहितीकोशाच्या यंत्रांसाठी ती कोणी चालू केलेली नव्हती. जोडप्रत तर आधीच पुसलेली. शेवटी हाती लागली ती एक प्रत, जी त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी, संकटाची कल्पनाही नसताना, सहज काढून ठेवली होती. तीवरून सर्व पुन्हा उभे करावयास पुढचा जवळजवळ सगळा दिवस गेला. मधल्या सहा तासांतल्या सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार अभिप्राय आणि सातशे नवी खाती कायमची गेली. दुरुस्तीचे काम कंपनीने लोकांना प्रत्यक्ष पाहू दिले आणि मागाहूनच्या अहवालात त्या अभियंत्याचे नाव घातले नाही. दोष एका हाताचा नसून महिनोन्‌महिने कोणीही प्रत परत वाचून न पाहण्याचा आहे, हे तिने मान्य केले. सरकारी चौकशी-अहवाल वाचण्याची सवय असलेल्यांना ही भाषा अपरिचित वाटली तर नवल नाही.

राखीव प्रत काढणाराच मूळ प्रत खातो असेही घडले आहे. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या साठवणीची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुरवठादार कंपनीने सुधारणा केली. जुन्या दैनिक नोंदी दहा दिवसांनी पुसण्याचे काम त्यात होते. सुधारलेला प्रोग्रॅम जुना चालू असतानाच त्याच्या जागी ठेवला गेला. चालू प्रोग्रॅम मधूनच नवीन मजकूर वाचू लागला. पुसावयाची जागा सांगणारे नाव रिकामे राहिले, आणि नोंदींऐवजी संशोधकांचा मजकूरच पुसला जाऊ लागला. १४ तारखेच्या संध्याकाळपासून १६ तारखेच्या दुपारपर्यंत हे निमूटपणे चालले. ७७ टेराबाइट, म्हणजे सुमारे तीन कोटी चाळीस लक्ष फाइली गेल्या. चौदा संशोधक गटांना झळ पोचली; त्यांपैकी चार गटांचा मजकूर परत आणता आला नाही. कंपनीने सर्व दोष स्वतःकडे घेतला.

आणि शेवटी पुन्हा एकदा आगच, आणि पुन्हा सरकारी दप्तरच. २६ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासकीय माहिती-केंद्राच्या पाचव्या मजल्यावर विद्युतघटांना आग लागली. हे घट यंत्रांच्या खोलीतून तळघरात हलविण्याचे काम, म्हणजे धोका टाळण्याचेच काम, त्या वेळी चालू होते. आग विझावयास बावीस तास लागले. शासनाच्या शेकडो सेवा बंद पडल्या. प्रथम त्यांची संख्या ६४७ सांगितली गेली, मागाहून ती ७०९ भरली. त्यांतल्या बहुतेकांच्या प्रती अन्यत्र होत्या आणि त्या हळूहळू सुरू झाल्या. जी-ड्राइव्ह या नावाने ओळखली जाणारी शासकीय कर्मचाऱ्यांची सामाईक साठवण मात्र पूर्ण गेली. तिच्यात ८५८ टेराबाइट मजकूर होता. तिची बाहेर प्रत नव्हती; इतक्या मोठ्या साठवणीची प्रत काढणे झेपत नाही असे कारण देण्यात आले.

यातही सर्वाधिक हानी कार्मिक मंत्रालयाची झाली. कामाचे कागद स्वतःच्या टेबलावरील संगणकात न ठेवता सर्व काही जी-ड्राइव्हमध्येच ठेवावे, असा नियम तेथे होता आणि कर्मचाऱ्यांनी तो पाळला होता. आगीनंतरचे कित्येक आठवडे ते आपापली जुनी टपालपत्रे, संगणकात चुकून राहिलेल्या फाइली आणि कपाटांतले छापील कागद चाळून कामाचे तुकडे जुळवीत होते. वरिष्ठांच्या मंजुरीसाठी गेलेले अंतिम अहवाल दुसऱ्या एका प्रणालीत स्वतंत्र नोंदले जात असल्यामुळे ते मिळाले. मंजुरीपर्यंत न पोचलेले मसुदे, टिपणे आणि अर्धवट कोष्टके मिळाली नाहीत.